जगदाळ्यांच्या जीपची टकटक

...आणि वर मलाच सांगतात, "जीप विकून टाका!" विका म्हणे! जशी काय जुनी साडी आहे, बोहारीण आली, दिली, बदल्यात स्टीलचा डबा घेतला, संपलं! अहो, बसा की, उभं राहून काय ऐकताय, ही काय उभ्या उभ्या संपणारी गोष्ट नाय. आणि आमच्या सोसायटीतलं कोण असेल तर त्यानं तर पुढंच बसावं, मी काय मागून बोलणारी बाई नाय.

तुमाला सांगते, मी उज्वला हौसेराव जगदाळे, मूळची साताऱ्याकडची, आता नेरूळला, सिडकोच्या बिल्डिंगीत, तळमजल्यावर, आणि मी डबे करते. भाकरी, पिठलं, खरडा, ताक... कळंबोलीच्या लोखंड बाजारात जे ट्रकवाले आणि हमाल आहेत ना, निम्मे आमच्या कराड-कोरेगावकडचे, त्यांना दुपारी घरचं जेवण लागतं, ते मी नेते. आता जीपमधून नेते. आधी कशी नेत होते ठाऊक आहे? बसमधून! दोन्ही हातांत पिशव्या, डोक्यावर पातेलं, आणि कंडक्टर ओरडतोय, "ओ मावशी, पातेल्याचं तिकीट काढा, पातेल्याचं!" एकदा ड्रायव्हरनं कचकन ब्रेक दाबला आणि पिठलं सगळं एका साहेबाच्या सफारीवर. तो ओरडला नाय हो. ओरडला असता तर बरं वाटलं असतं, मी पण ओरडले असते. तो नुसता माझ्याकडं बघत राहिला, मी माणूसच नाय असा. घरी येऊन पातेलं घासताना रडले मी, खोटं कशाला बोलू? आणि त्या दिवशी ठरवलं, हे पातेलं परत डोक्यावर चढणार नाय. म्हणून सांगते, कोण काय पण म्हणो, जीप जाणार नाय म्हणजे नाय!

तर जीप. आमचे हे वाशीला कांदा-बटाटा मार्केटात कामाला. गेले कांदे आणायला आणि घेऊन आले जीप! मिलिटरीतून रिटायर झालेली. म्हणजे काय, नुसता सांगाडा. मी विचारलं, "अहो, इंजिन कुठाय?" तर म्हणाले, "इंजिन आहे की. दुसरीकडं आहे." दुसरीकडं म्हणजे कळंबोलीत, एका टेम्पोत! टेम्पो पुढून पार चेपलेला, पण इंजिन शाबूत. मग आमच्या मारोती मेकॅनिकनं ते टेम्पोचं डिझेल इंजिन जीपमध्ये घालायला घेतलं. बसेना! बॉनेट कापलं. तरी बसेना! पुढचा पत्रा कापला. गिअरबॉक्स तिसऱ्याच गाडीचा, सीट चौथ्या गाडीची, आणि मारोती छाती फुगवून सांगतो, "वैनी, मॉडिफाय केली!" मॉडिफाय! आमच्याकडं त्याला ठिगळ म्हणतात.

पण चालली! आणि चालवायला कोण शिकलं? मी! ह्यांना अजून येत नाय हां, क्लच म्हटलं की ह्यांचा पाय ब्रेकवर, आणि ब्रेक म्हटलं की डोळे बंद. मी शिकले. आणि काय सांगू तुमाला, सायन-पनवेल रस्ता, पदर खोचलेला, मागं पातेली पाहुण्यांसारखी ऐसपैस बसलेली, आणि पुढं ती बस... तीच बस! मी तिला ओव्हरटेक मारला आणि कंडक्टरकडं बघून हॉर्न दिला. आता हॉर्न वाजला नाय ही गोष्ट वेगळी, पण मी दाबला होता!

असं सगळं छान चाललेलं. दसरा आला, खंडेनवमीला गाडीची पूजा झाली, हार घातला, लिंबू बांधलं, नारळ फोडला. पूजा केली आमच्या आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाई, बाळाबाई. आणि दसरा झाला नि गाडीनं सुरू केलं... टक्. टक्. टक्. टक्. पयलं वाटलं पातेल्याचं झाकण. झाकण धरलं, तरी टक् टक्. ह्यांना वाटलं मी बांगड्या वाजवतेय. बांगड्या काढल्या, तरी टक् टक् टक् टक्!

मारोतीकडं नेली. त्यानं बॉनेटला कान लावला, डोळे मिटले, जसा काय डॉक्टर! म्हणाला, "वैनी, कॅमशाफ्ट गेला."

म्हटलं, "कुठं गेला?"

"गेला म्हंजे घासला ओ!"

मग त्यानं मला समजावलं. इंजिनात म्हणे एक लोखंडी दांडा असतो, त्याला जागोजागी उंचवटे. दांडा फिरला की उंचवटा खालून ढोसतो, वरचा व्हॉल्व्ह उठतो, हवा आत घेतो. लगेच स्प्रिंग त्याला दाबून बसवते. की परत दांड्याचा उंचवटा हजर, ऊठ! स्प्रिंग म्हणते बस, दांडा म्हणतो ऊठ, दिवसभर हेच! म्हटलं, मारोती, थांब, समजलं. हे मी लग्न झाल्यापासून बघतेय. आमच्या घरी तो दांडा पहाटे उठतो, आंघोळ करतो, आणि त्याचा पयला व्हॉल्व्ह मी!

तर कॅमशाफ्ट बदलायचा. आता बदलायचा तर सरळ दुसरा आणावा की नाय? नाय! ह्यांचा एक दोस्त तळोज्याला लेथ मशीनवर कामाला. तो म्हणाला, "हौसेराव, नवीन बनवून देतो ना! आणि उंचवटे जरा वाढवतो, रेसिंगच्या गाडीला असतात तसे. मग पिकअप बघा!" आमचे हे खूश, मारोती खूश. मी विचारलं, "अहो, पिठल्याला पिकअप कशाला पायजे?" पण बाईचं ऐकतंय कोण!

बसवला रेसिंगचा कॅमशाफ्ट. आणि सिग्नलला गाडी उभी राहिली की जीप नाचायला लागली! अशी नाचतेय, तशी नाचतेय, शेजारचे रिक्षावाले लांब सरकले. तुमाला खोटं वाटेल, घरून ताक घेऊन निघाले, कळंबोलीत पोचेपर्यंत वर लोण्याचा गोळा! ड्रायव्हर लोक म्हणाले, "वैनी, आज लोणी पण? झकास!" झकास काय मेल्यांनो, माझे मणके उतरले! आणि टक् टक्? ती होतीच! नाच वेगळा, टकटक वेगळी. शेवटी एक दिवस पुलाखाली खाडकन् आवाज आला, आतली एक सळई वाकली, पुशरॉड म्हणतात तिला, आणि गाडी जागेवर. डबे गरम, रस्ता तापलेला, आणि मी एकटी. पण काय झालं माहिताय? माझी माणसं वाट बघून बघून चालत आली. सगळी! जीपभोवती उभं राहून जेवली आणि मग तिला ढकलत मारोतीकडं नेली. मला म्हणाले, "वैनी, तुमी स्टेअरिंग धरा फक्त." असं कोण करतं हो कोणासाठी? आणि ही जीप मी विकू? जीप जाणार नाय म्हणजे नाय!

मग रेसिंगवाला काढला, आणि तिसरा आणला, भंगारातल्या एका चांगल्या इंजिनातला. नाच थांबला. टकटक? चालू! आणि पयला तो घासलेला कॅमशाफ्ट मारोती टाकून देत होता, तर आत्याबाई म्हणाल्या, "आरं, एवढी जड वस्तू टाकत्यात व्हय?" घरी आणला, चिंचेनं घासला, लख्ख केला आणि ठेवला दाराच्या मागं. येणारा-जाणारा विचारतोय, वरवंटा एवढा लांब कसा?

इकडं सोसायटी. आमच्या सोसायटीचे चेअरमन कर्णिकसाहेब, विलास कर्णिक, बँकेतले. माणूस वाईट नाय, पण इतका शिस्तीचा की त्यांच्या घरात कुकरची शिट्टी पण हळू होते. त्यांची खिडकी नेमकी आमच्या जीपच्या डोक्यावर. त्यांनी शुक्रवारी रात्री मीटिंग बोलावली. गच्चीवर! सतरंज्या, चहा, आणि विषय काय, तर आमची टकटक.

कर्णिकसाहेब उभे राहिले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "जगदाळे वहिनी, तुमच्या कष्टांविषयी आम्हा सर्वांना आदरच आहे. परंतु तो आवाज! मी पूजेला बसतो, टक् टक्. मी पेपर उघडतो, टक् टक्. काल तर गाडी नव्हती तरी मला टक् टक् ऐकू आलं!" सगळे हसले. मी नाय हसले. मग ठरलं, येत्या रविवारी सगळ्यांसमोर गाडी सुरू करायची. टकटक नसेल तर राहील. असेल तर कंपाउंडच्या बाहेर. आणि टकटक नंतर परत कधी आली, तर परत मीटिंग नाय, थेट बाहेर! आता बाहेर म्हणजे काय, तुमी सांगा. आमच्या सेक्टरात गाडी रात्रभर रस्त्यावर ठेवली तर सकाळी चार चाकांच्या जागी चार विटा! म्हणजे विकाच की!

आणि आमचे हे... शेजारी बसून कानात काय सांगतात? "उज्वला, ऐक ना, विकू या." ज्यांनी आणली ते! मी उठले. अशी उठले की चहाचा कप कलंडला. म्हटलं, "कर्णिकसाहेब, पहाटे तुमची पाण्याची मोटर घरघर करते, तेव्हा कोण मीटिंग घेतं? ती पाणी वर चढवते म्हणून चालतं. मग माझी जीप शंभर माणसांच्या पोटात भाकरी पोचवते, ती का चालत नाय? मी परत पातेलं डोक्यावर घेऊन बसच्या दारात उभी राहणार नाय. येत्या रविवारी या, कान साफ करून या. आणि लिहून घ्या, जीप जाणार नाय म्हणजे नाय!"

मागून कोणतरी म्हणालं, "कशी जाईल, सुरू तर झाली पायजे!" कोण बोललं ते मला माहिताय. हळदीकुंकवाला बोलावणार नाय मी.

बोलून तर बसले. पण आता? दुसऱ्या दिवशी डबे पोचवले आणि तशीच मारोतीकडं जाऊन स्टुलावर बसले. म्हटलं, "मारोती, टकटक सापडेपर्यंत मी उठणार नाय." तो म्हणाला, "वैनी, चौथा कॅमशाफ्ट..." म्हटलं, "चौथ्याचं नाव काढलंस तर खरडा बंद!" मग मात्र त्यानं नीट डोकं लावलं. इंजिनचं वरचं झाकण काढलं, गाडी सुरू केली, वाकून बघितलं, आणि म्हणाला, "आयला! वर तेलच येत न्हाय!"

तुमाला सांगते, व्हॉल्व्हच्या डोक्यावर छोट्या हातोड्यासारखे तुकडे असतात, रॉकर म्हणतात. प्रत्येकाला तेलासाठी एक बारीक भोक. तिथून तेल पाझरलं की सगळं गुपचूप चालतं, नाय पाझरलं की कोरडं लोखंड लोखंडावर आपटतंय, टक् टक् टक्! आणि भोकं सगळी बंद. मारोतीनं तार घातली, टोकरलं... आणि भोकातून बाहेर काय आलं? तांदूळ!

मारोती माझ्याकडं बघतोय. मी मारोतीकडं बघतेय. तो हळूच म्हणाला, "वैनी... पुलाव इंजिनावर गरम करता काय?"

म्हटलं, "मारोती, तोंड सांभाळ! माझ्या डब्यातलं शीत पण सांडत नाय!" दाणा तळहातावर घेतला. तेलात तळून कडक झालेला, पण अंगावर लाल रंग. चोळला तर बोटाला कुंकू! अहो, अक्षता! इंजिनाच्या पोटात अक्षता! जसं काय आत कोणाचं लग्न लागलंय!

घरी गेले. आत्याबाई वाती वळत बसलेल्या. म्हटलं, "आत्याबाई, दसऱ्याला अक्षता कुठं वाहिल्या?"

"गाडीला."

"गाडीला कुठं?"

"तोंडात."

तोंडात! त्या दिवशी मारोतीनं तेल घालायला इंजिनवरचं झाकण उघडलेलं, ते गोल भोक, आणि आत्याबाईंना वाटलं गाडीनं आ केलाय! मला हसू आवरेना. म्हटलं जाऊ दे, एकदाची चूक, सापडली ना, झालं! मारोतीनं एकेक भोक साफ केलं, तेल बदललं, गाडी सुरू केली... आणि टकटक गायब! दोनदा कॅमशाफ्ट बदलून जे झालं नाय, ते तारेच्या एका तुकड्यानं झालं!

रविवार. सगळी सोसायटी खाली. पोरं कंपाउंडवर चढलेली, बायका गॅलरीत. कर्णिकसाहेब इस्त्रीच्या शर्टात. मी नऊवारी नेसले मुद्दाम, किल्ली फिरवली. डिझेलची गुरगुर होती, ती असणारच, ती काय बासरी आहे? पण टकटक? नाय! कर्णिकसाहेबांनी एक कान लावला. मग दुसरा लावला. मग म्हणाले, "वहिनी, जरा जोरात." मी ॲक्सिलेटर दिला, काळा धूर निघाला, सगळा त्यांच्या शर्टावर, पण टकटक नाय म्हणजे नाय! त्यांनी हात जोडले. टाळ्या पडल्या हो! आमचे हे सगळ्यांना सांगत फिरतायत, "मी म्हणतच होतो, विकायची नाय." म्हटलं, घरी चला, मग दाखवते.

संपलं ना? मला पण वाटलं संपलं. पुढच्या शनिवारी गाडी सुरू केली आणि... टक्.

वर कर्णिकसाहेबांची खिडकी उघडी. झटकन गाडी बंद केली! मग काय, रोज सकाळी मी आणि आमचे हे, जीप ढकलत ढकलत गेटच्या बाहेर, पार कोपऱ्यापर्यंत, आणि तिथं सुरू करायची. ह्यांचा सदरा घामानं चिंब, माझ्या पाठीचा काटा ढिला. आणि वरून कर्णिकसाहेब हात हलवतायत, "वा, वहिनी, वा! आता तर काहीच ऐकू येत नाही!"

"नाय ना?" मी धापा टाकत म्हणतेय, "नाय ना येत?"

मग परत शनिवार आला. मी जरा लवकर उठले, बाहेर बघते तर काय! आत्याबाई, न्हाऊन, डोक्यावर पदर, हातात ताट, पाटावर पाट ठेवून त्यावर चढलेल्या, बॉनेट उघडं, तेलाचं झाकण काढलेलं, आणि त्या तोंडात... चिमूटभर अक्षता, चमचाभर गोडंतेल, आणि वर भाकरीचा तुकडा कुस्करून! दर शनिवारी! दसऱ्यापासून!

"आत्याबाई!" मी ओरडलेच.

त्या अजिबात दचकल्या नाय. म्हणाल्या, "वरडायला काय झालं? आगं, ही गाडी एवढ्या मानसांस्नी जेवू घालती, आन् तीच उपाशी ऱ्हावी व्हय? बेंदराला बैलाच्या तोंडात पोळी गेल्याबिगर आमच्या घरात कुनी ताटावर बसत नव्हतं. तू रोज तिला पळवतीस, कदी इचारलंस, बाई, तू जेवलीस का?"

सगळ्या सोसायटीशी मी भांडले, पण ह्या बाईशी कशी भांडू? कारण खरं सांगू? मी पण सगळ्यांना वाढून झाल्यावर शेवटी जेवते, आणि तू जेवलीस का, हे मला आजवर फक्त ह्याच बाईनं विचारलंय. त्यांचा हात कसा धरू? पण नाय धरला तर जीप बाहेर, आणि पातेलं परत डोक्यावर!

मग सुचलं. आत गेले, दारामागून तो घासलेला कॅमशाफ्ट उचलला, चिंचेनं लख्ख केलेला, आणि त्यांच्या हातात ठेवला. म्हटलं, "आत्याबाई, हा गाडीचा जीव. गाडीसाठी झिजला तो हा. तुमी ह्याला जेवू घाला, तिला पोचतं."

त्यांनी त्याला उलटापालटा करून बघितला. पदरानं पुसला. म्हणाल्या, "व्हय गं. लई झिजलाय बिचारा."

मारोतीनं भोकं परत साफ केली, तेलाच्या झाकणाला कुलूप बसवलं, आणि तेव्हापासून टकटक नाय! कर्णिकसाहेबांना विचारा! जीप कुठं आहे? जागेवर! कोणी हलवली? कोणी नाय! सांगितलं होतं ना मी, जीप जाणार नाय म्हणजे नाय!

फक्त आता काय झालंय... आमच्या देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाशेजारी कॅमशाफ्ट बसलाय. रोज आंघोळ, रोज गंध, प्रत्येक उंचवट्याला वेगळं कुंकू. आणि शनिवारचं पण काय राहिलं नाय, आता रोज! पातेली गाडीत भरलेली, किल्ली माझ्या हातात, पाय क्लचवर, आणि आतून हाक येते, "उज्वला, थांब गं! त्याचा निवद व्हायचाय!" थांबते. काय करणार? आणि तिकडं कळंबोलीत माझी भुकेली माणसं हात धुऊन उन्हात उभी, लांबूनच ओरडतायत, "वैनी, आज पण उशीर? गाडी बिघडली काय?"

काय सांगू त्यांना? म्हणते, "नाय रे बाबांनो, गाडी ठणठणीत आहे... तिचं जेवण चाललं होतं!"